बिनशेपटीची आमरी

आमच्या बारामती-इंदापूरकडे पाऊस येतो तो मुळी इतरांचा आटोपल्यावर. पुण्यातली माणसं पावसाला कंटाळून छत्र्या कोपऱ्यात टाकतात तेव्हा इकडं कुठं भाद्रपदातले ढग सोलापूरच्या अंगानं चढू लागतात. सकाळी ऊन इतकं लख्ख की वाळवण घालावं, आणि दुपार कलली की असा दणका की ते उचलायला धावत सुटावं. जळोचीच्या माझ्या गच्चीवरून आता नुसत्या इमारती आणि पाण्याच्या टाक्या दिसतात. तरी दोन टाक्यांच्या फटीतून लांबचा एक माळ अजून दिसतो, आणि या दिवसांत तो थोडा काळ का होईना हिरवा होतो. तो हिरवा झाला की माझं कशातच लक्ष लागत नाही. लेक म्हणते, "आई, तुझं सुरू झालं."

सुरू होतं खरं. आधी वास येतात. डांबरगोळ्यांचा, ओलसर वर्तमानपत्रांचा, स्पिरिटचा. बारामतीच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीचा तो वास. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन तासिकेवर शिकवायला लागले होते आणि मुलाणी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सर लासुर्ण्याचे. वडिलांचं गावात सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. खिशात पेन नसलं तरी चालेल, पण भिंग हवंच, असा माणूस. वर्गात शिकवताना छापील मराठी, आणि वर्गाच्या दाराबाहेर पाऊल पडलं की लगेच लासुर्णं.

मी कोकऱ्यांची. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती विकून ऊस लावला आणि मला शिकवलं. सरांना यावरून माझी चेष्टा करायला भारी आवडायचं. एखादं दुर्मीळ रोप कुठंच सापडेना की म्हणायचे, "वैशाली, तुझ्या आज्याला इचार. त्येच्या मेंढरांनी किती नव्या वनस्पती गिळल्या असतील, त्येचा काय हिशेब हाय?"

मी हे घरी सांगितलं की आजोबा शांतपणे म्हणायचे, "गिळल्या असतील की. मेंढरं पुस्तक वाचून खात न्हाईत."

भाद्रपदात त्या खोलीत श्वास घ्यायला फुरसत नसायची. माळावरून आणलेली रोपं वर्तमानपत्रात पसरून दाबायची, वर लाकडी फळ्या, फळ्यांवर धोंडे. हवेत ओल असली की रोज कागद बदलावे लागत. बदलता बदलता आम्ही जुन्या बातम्या वाचायचो. तेरड्याखाली निवडणुका, गवताखाली क्रिकेट, आणि एकदा एका लग्नाळू मुलाची जाहिरात अशी काही नेमकी माझ्यासमोर उघडली की सर दिवसभर हसत होते. दाबण्याआधी मात्र एक काम न चुकता व्हायचं. रसकापूर स्पिरिटात विरघळवून ठेवलेला असे. जालीम विष. ब्रश त्यात बुडवून रोपावरून फिरवायचा, म्हणजे रोप जागच्या जागी मरतं, पानं गळत नाहीत आणि पुढं कितीही वर्षं कीड लागत नाही. सरांचा हात त्यात इतका बसला होता की बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत बघत ब्रश फिरायचा. घरी गेले की रझियाचाची, म्हणजे सरांच्या पत्नी, आधी साबण पुढं करायच्या आणि मग पाण्याचा तांब्या.

त्या खोलीतलं सगळ्यात लाडकं कपाट होतं आमरीचं. आमरी म्हणजे ऑर्किड. आपल्याला ऑर्किड म्हटलं की कोकणातली ओली झाडं आठवतात, पण आमच्या रखरखीत माळावरही जमिनीतून उगवणाऱ्या आमऱ्या आहेत. वर्षभर त्या मातीखाली गड्डा होऊन निजतात आणि भाद्रपदात वर येऊन फुलतात. लासुर्ण्याच्या पुढं नामदेवतात्यांचा पडीक माळ होता. तिथं सरांना तरुणपणी एक आमरी सापडली. वीतभर उंच, हिरवट पांढरी, संध्याकाळी मंद वास सोडणारी. तशा दिसणाऱ्या आमऱ्यांचं एक मोठं घराणं आहे, हॅबेनेरिया नावाचं. त्या घराण्यातल्या फुलांना मागं मधाची एक बारीक नळी असते, शेपटीसारखी. सरांच्या फुलाला ही शेपटीच नव्हती. सरांनी भिंगाखाली, सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक फुलं उकलून बघितली, आतली रचनाही त्यांना निराळी वाटली, आणि त्यांनी हे फूल त्या घराण्याबाहेर काढलं. त्याच्यासाठी नवीन प्रजाती केली. प्रजाती म्हणजे शास्त्रातलं घराणं. नाव ठेवलं डेक्कनॉर्किस लासुर्णेन्सिस. आधी घराण्याचं नाव, मागून फुलाचं स्वतःचं. म्हणजे आपल्या आडनाव-नावासारखंच. लासुर्ण्याच्या सायकलवाल्याच्या पोरानं एक घराणं उभं केलं होतं, तेही लॅटिनमध्ये.

गावानं सत्कार केला होता म्हणे. चावडीपुढं मांडव, शाल, नारळ, आणि सरांचं भाषण. भाषण संपल्यावर एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं होतं, "ते समदं झ्याक हाय सर, पर ह्या पिकाला भाव काय मिळंल?" सर ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे. सांगताना डोळे मात्र त्या कपाटाकडे जायचे. अनेकांच्या प्रजाती त्यांनी मोडल्या होत्या, दुसऱ्यांची रोपं या घरातून त्या घरात हलवली होती, आणि तसं करताना त्यांना कधी कुणाचा कळवळा आलेला मी पाहिला नाही. ही एक मात्र त्यांची स्वतःची होती.

त्याच सुमाराला डीएनएची भाषा आमच्यापर्यंत येऊन पोचली. सरांनीच वर्गात ती खडूनं समजावली. "पोराचं नाक बापासारखं हाय म्हणून बाप तोच, असं आमी आजवर म्हणत आलो," उत्साहाच्या भरात वर्गातही लासुर्णं आलं होतं. "आता रक्त तपासायची सोय झाली." माझी एम.एस्सी.ची मैत्रीण मीनल पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हेच काम करायची. आमऱ्यांची पानं गोळा करून त्यांची नाती जुळवायची. तिनं मला विचारलं, सरांच्या फुलाचं पान मिळेल का? मी भीतभीतच सरांना विचारलं. ते म्हणाले, "द्यायचं की. आपलं फूल काय लपवून ठिवायचं हाय?"

पण कपाटातली वाळलेली रोपं मीनलला चालणार नव्हती. रसकापूर आणि स्पिरिट लागलेल्या पानातून धड काही हाती लागत नाही. ताजं पान हवं, बारीक तुकडे करून सिलिका जेलमध्ये झटपट वाळवलेलं. सिलिका जेल म्हणजे निळे मणी. ओल ओढून घेतात आणि ओल भरली की गुलाबी होतात. रसायनशास्त्र विभागानं मोठ्या मनानं आम्हाला दिले ते सगळे गुलाबीच. मग ते सरांच्या घरी भाजायचे ठरले. चाचींनी भाकरीचा एक जुना तवा काढून दिला आणि बजावलं, "ह्यो तवा आता तुमच्या विज्ञानाला. माझ्या चुलीवर परत आणायचा न्हाय." तव्यावर टणटण उडणारे मणी हळूहळू गुलाबीचे जांभळे आणि जांभळ्याचे निळे होत गेले. तो रंग बदलताना बघणं हे माझ्या आयुष्यातल्या फार साध्या आणि फार मोठ्या आनंदांपैकी एक आहे. आज आमच्या कॉलेजातच यंत्रं आली आहेत, पोरं सकाळी पान टाकतात आणि गप्पा मारत बसतात. मण्यांचं भाजणं त्यांना सांगितलं की ती आदरानं ऐकतात, म्हणजे त्यांना कंटाळा येतो.

गौरी-गणपतीच्या आधी आम्ही तात्यांच्या माळावर गेलो. फुलं ऐन भरात होती. गवतात बसलं की डोळ्यांच्या उंचीवर हिरवट पांढरे तुरे, आणि मागं काळं आभाळ. तात्या काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "सर, जमीन न्हाय तयार करू दिली तुमी मला. गवतात असं काय सोनं पुरलंय?"

"तात्या, ह्ये फूल दुसरीकडं मला कुठं गावलं न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. ऊस काय, तिकडं बी लागतोय."

पानं घेऊन थेट कॉलेजातल्या मागच्या खोलीत आलो. मी भाजलेले मणी डब्यात भरत होते, सर टेबलावर पानांचे तुकडे करत होते. दोन दिवसांनी मीनल सोलापूरहून पुण्याला निघाली होती, तिला भिगवण स्टेशनवर डबा द्यायचा ठरलं होतं. गाडी जेमतेम थांबली. मीनल दारातून वाकली, मी डबा दिला, सरांनी धावत्या गाडीबरोबर चार पावलं टाकत तिला काहीतरी सूचना केली जी तिला ऐकूच गेली नाही. मग आम्ही हायवेवर चिलापी माशाचा रस्सा आणि भाकरी खाल्ली. सर खुशीत होते. आपलं घराणं आता यंत्रावरही पक्कं होणार, असं त्यांनी धरलंच होतं. मला काटे काढून देता देता ते पुढच्या लेखाची मांडणी सांगत होते. उजनीच्या पाण्यावरून वारा येत होता आणि त्यांच्या मिशीला रस्सा लागला होता. मी त्यांना ते सांगितलं नाही.

गणपती गेले आणि मीनलचा कॉलेजात फोन आला. पानातून काहीच निघत नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "तुम्ही याला काही लावलं होतं का?"

मी हाच प्रश्न सरांना विचारला. ते नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी आपली बोटं हळूच नाकाशी नेली, आणि माझ्याही डोळ्यांसमोर ते टेबल आलं. तुकडे करण्याआधी सरांनी पानावरून ब्रश फिरवला होता. खिडकीबाहेर बघत. मीही बघत होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण रोप हातात आलं की ब्रश फिरतोच. असली चूक आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे. ज्या विषानं इतकी वर्षं फुलं राखली, त्यानंच हे पान घालवलं.

संध्याकाळी सरांच्या ओट्यावर बसलो होतो. सर म्हणाले, "वैशाली, हातानं केलं का मनानं केलं, मला बी ठाऊक न्हाय."

मी म्हटलं, "सर, सवय आहे हो ती."

"सवय हायच. पर फुलं उकलताना आत काय दिसतंय, त्ये मला धा वर्सं ठाऊक हाय. शेपटी न्हाय, पर शेपटी जिथं असाया पायजे तिथं एक बारीक फुगवटा हाय. पयल्यांदा मी त्येच्याकडं बघितलंच न्हाय. मागनं बघितलं, तवा छापून आलं हुतं."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. त्या वर्षीचा हंगाम संपत आला होता. मीनलनंही पुढच्या भाद्रपदात बघू म्हटलं होतं. नुसतं स्वस्थ बसायचा अवकाश, की सर आपली प्रजाती शाबूत ठेवून, हारतुरे घेऊन घरी गेले असते. त्यांना कुणीही काही म्हटलं नसतं. मला तर मनातून वाटत होतं की बसावंच त्यांनी स्वस्थ. कशाला हवंय ते पान? इतकं आयुष्य खर्ची घातलेल्या माणसाच्या हातून एवढं एक घर काढून घेणारं शास्त्र मला त्या संध्याकाळी अजिबात आवडलं नव्हतं.

आतून चाची बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पाठवायचं तर पाठवा, न्हाय तर पाठवू नका," त्या म्हणाल्या. "पर रोज असं तोंड पाडून ओट्यावर बसायचं न्हाय. आल्या-गेल्याला मी काय सांगू?"

सर हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी लासुर्ण्याच्या एसटीत ते माझ्याआधी जाऊन बसले होते, मांडीवर निळ्या मण्यांचा डबा घेऊन.

हस्ताचा पाऊस लागला होता. चिखलात चपला हातात घेऊन आम्ही माळावर चढलो. फुलं कधीच संपली होती. गवत बकऱ्यांनी पार खरडून काढलेलं. आमरी या दिवसांत पानं पिवळी करून पुन्हा मातीखाली जायच्या बेतात असते. आम्ही वाकून वाकून शोधत राहिलो आणि खरं सांगते, काही सापडू नये असं मला वाटत होतं. तेवढ्यात तात्यांनी खालून हाक मारली आणि काठीनं एका कडेला दाखवलं. तिथं बाभळीच्या काटेरी फांद्या रचून ठेवल्या होत्या.

"तुमी म्हनला न्हवता का, दुसरीकडं गावत न्हाय म्हून? बकऱ्यास्नी काय कळतंय? म्हून जरा कुपाटी घातली."

कुपाटीच्या आत एक रोप उभं होतं. फुलं वाळलेली, खालची पानं पिवळी, वरचं एक मात्र अजून हिरवं. सर त्याच्यापुढं चिखलात गुडघे टेकून बसले. मग चिमटा माझ्यापुढं धरला. "तू घे. माझ्या हातावर माझा इस्वास न्हाय." मी पान घेतलं, तिथंच पावसाच्या आडोशाला छत्रीखाली त्याचे तुकडे केले, मण्यांत टाकले आणि झाकण लावलं. सर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे होते.

निकाल ऐकायला सर कॉलेजातला फोन वापरायला तयार नव्हते. आम्ही बारामतीतल्याच भिगवण चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या आत सर, बाहेर मी. लाल आकडे पळत होते. सर नुसते मान हलवत होते, जणू मीनल समोर उभी आहे. एकदा त्यांनी हातरुमाल काढून भिंग पुसलं. मग रिसीव्हर इतका हळू ठेवला की तो नीट बसलाच नाही. बूथवाल्याला उठून तो सारखा करावा लागला.

बाहेर येऊन म्हणाले, "हॅबेनेरियाच हाय. चांगलं घराण्याच्या मधोमध बसतंय." टपरीवर चहा सांगितला. चहा आला, त्यावर साय धरली. "शेपटी गळाली म्हणून मी त्येला घराबाहेर काढलं हुतं. एवढी वर्सं बिचारं भाईर हुतं." थोड्या वेळानं स्वतःच हसून म्हणाले, "गावानं घातलेली शाल परत द्यावी लागंल का गं?" मला हसू आलं नाही. मला रडू आलं, भर चौकात, आणि सर मला समजावत बसले. खरं म्हणजे समजावायचं मी होतं.

फूल घरी परत आणायचं म्हणजे ते शास्त्रीय नियतकालिकात छापून जाहीर करावं लागतं. सर म्हणाले, हे तू लिहायचं. मी साफ नाही म्हटलं. मीनल लिहील, दुसरं कुणीही लिहील, तुमची प्रजाती माझ्या हातानं मोडणार नाही.

"मीनल गुणी पोरगी हाय. तिचं काम ती तिच्या लेखात मांडंलच. पर तिनं ह्ये फूल माळावर बघितलेलं न्हाय," सर म्हणाले. "आन नियम ठाऊक हाय न्हवं? फुलाचं घराणं बदललं तरी लासुर्णेन्सिस तसंच ऱ्हातंय. ज्यानं पयल्यांदा नाव ठिवलं त्येचं आडनाव कंसात जातंय, आन ज्यानं घराणं बदललं त्येचं कंसाच्या भाईर येतंय. कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या शेजारी कायमचा येऊन बसणार. त्यापरीस तू बस."

मग मी लिहिलं. सरांची जुनी चित्रं आणि मीनलचा पुरावा एकमेकांशेजारी मांडला, तो बारीक फुगवटाही मांडला. सरांनी माझी इंग्रजी वाक्यं लाल शाईनं कापली, आणि जिथं मी त्यांची चूक मऊ करून लिहिली होती तिथं समासात "सरळ लिही" असा शेरा मारला. पुढं माझं लग्न झालं, आडनाव बदललं, रेशन कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडं मी दुसरी झाले. शास्त्रात मात्र छापलेलं नाव बदलत नाही. त्या फुलाच्या मागं मी आजही कोकरेच आहे. सर जाऊनही आता बराच काळ लोटला. या वर्षी लेकीनं मोबाइलवर नाव टाकून मला दाखवलं: हॅबेनेरिया लासुर्णेन्सिस, कंसात मुलाणी, आणि कंसाला लागून कोकरे. "हे कोण गं?" तिनं विचारलं. मी तिला गच्चीवर नेलं आणि टाक्यांच्या फटीतून माळ दाखवत बसले, पण मला सांगायचा होता तो दिवस वेगळाच होता.

लेख छापून आला त्या आठवड्यातली गोष्ट. सर निवृत्त झाले होते, पण किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती. त्यांनी आमरीचं कपाट उघडलं आणि ज्या पहिल्या रोपावरून त्यांनी प्रजाती केली होती, ते रोप डकवलेला कागद टेबलावर पसरला. खाली त्यांच्या तरुण, टोकदार अक्षरातली चिठ्ठी: डेक्कनॉर्किस लासुर्णेन्सिस. मी ती सोडवायला पातं उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. "जुनी काढायची नसती. ती तशीच ऱ्हाऊ द्यायची. तिच्याखाली नवी डकवायची. फुडच्याला कळलं पायजे की आपुन आधी काय समजत हुतो."

नवी चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. सरांनी स्वतः तिला खळ लावली, आपल्या चिठ्ठीखाली नेमकी सरळ रेषेत ठेवली आणि वर अंगठा दाबून धरला. बाहेर दुपारचं आभाळ भरून आलं होतं, खोलीत अंधारल्यासारखं झालं. खळ केव्हाच सुकली असेल. मी म्हटलं, "सर, चिकटली. काढा हात."

"असू दे जरा," सर म्हणाले.